जिल्ह्याच्या चॅनेलवर हवामान सांगायचं तर टीआरपी किती मनावर घ्यायचा?

प्रश्न : मी अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून एम.एस्सी. केलं आहे, हवामान हा आवडीचा विषय. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका केबल चॅनेलवर रोज संध्याकाळी सात मिनिटं हवामान सांगण्याचं काम मिळतंय. मालक बोलता बोलता तीनदा म्हणाले, "टीआरपी आला पाहिजे." या कामात नोकरी आकड्यांवर टिकते का? आकड्यांसाठी अंदाज फुगवून सांगावा लागतो का? आणि कोट-टाय घालावाच लागतो का?

उत्तर : पहिली गोष्ट, घाबरू नका. तुम्ही ज्या चॅनेलवर बसणार आहात त्याचा टीआरपी निघतच नाही, आणि मालकांनाही ते बहुधा ठाऊक आहे. मी सतरा वर्षं हेच काम करतेय. बहुतेक यवतमाळात, मधली तीन वर्षं मुंबईच्या एका मराठी वृत्तवाहिनीवर. 'टीआरपी' हा शब्द दोन्हीकडे रोज कानावर पडायचा, पण मुंबईत त्याचा अर्थ एक होता आणि इथे भलताच.

मुंबईतला आधी सांगते, तो सोपा आहे. देशभरातल्या काही निवडक घरांत टीव्हीला एक यंत्र जोडलेलं असतं. वाहिनीच्या आवाजात आपल्या कानाला न कळणारी एक खूण मिसळलेली असते, ती हे यंत्र टिपतं. घरातलं कोण समोर बसलंय ते वेगळ्या रिमोटवरचं आपापलं बटण दाबून सांगायचं. २०१५ पासून ही मोजणी बार्क नावाची संस्था करते आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून खेड्यांतली घरंही तिच्यात आली. अशी घरं साठ हजारांच्या आत, आणि देशात टीव्ही असलेली घरं वीस कोटींच्या वर. म्हणजे एक घर साधारण साडेतीन-चार हजार घरांच्या वतीनं बोलतं. ज्या चॅनेलच्या आवाजात ती खूण नाही, ते या यंत्राच्या लेखी मुकं. आपली जिल्ह्यातली केबल चॅनेल्स तशीच मुकी. शिवाय मराठीचा बाजार महाराष्ट्र-गोवा असा एकत्र धरला जातो. त्यात राळेगाव आणि रत्नागिरी एकाच पोत्यात.

अमेरिकेत असं नाही. तिथे देशाचे २१० स्थानिक बाजार पाडलेत, आणि गावच्या स्टेशनचा आकडा त्या बाजारापुरता निघतो. नोव्हेंबर, फेब्रुवारी, मे आणि जुलै हे तिथले मोजणीचे खास महिने. मे म्हणजे तिकडे टोर्नेडोंचा, म्हणजे जमिनीवरून भोवऱ्यासारख्या फिरत येणाऱ्या वादळांचा हंगाम आणि मोजणीचाही, तेव्हा हवामान सांगणाऱ्याचा जीव दोन्हीकडून टांगणीला. तुम्ही इंटरनेटवर या कामाबद्दल जे वाचलं असेल ते बहुतेक तिथलं आहे. त्यातलं निम्मं आपल्याला लागू पडत नाही. जे लागू पडतं त्याकडे पुढे येते.

मुंबईत गुरुवारी आकडे यायचे. ते मला कोणी मुद्दाम दाखवत नसे, पण गुरुवारी दुपारी कोण कोणाशी बोलतंय यावरून कळायचं. संपादकांकडे मिनिटामिनिटाचा आलेख असे, आणि हवामान लागलं की त्यातली रेष खाली उतरते असं त्यांचं म्हणणं. त्यावर उपाय निघाला तो असा: हवामान बातमीपत्राच्या शेवटी ढकलायचं आणि "तुमच्या जिल्ह्यात काय होणार? थोड्याच वेळात" ही पट्टी अर्धा तास फिरवायची. म्हैस पिळायची सोडून कोण थांबतंय? मला तो उपाय कधीच पटला नाही. पण खरं सांगते, माझे तीन वर्षांचे करार त्या रेषेवरच ठरले.

पुढे ऑक्टोबर २०२० मध्ये टीआरपी घोटाळ्याचा आरोप झाला आणि वृत्तवाहिन्यांचे आकडेच थांबले. ते मार्च २०२२ मध्ये परत आले, पण चार आठवड्यांची सरासरी म्हणून. यात हवामानवाल्याचा फायदा आहे, कोणी बोलत नाही एवढंच. चार आठवड्यांच्या सरासरीत मंगळवारच्या गारपिटीचा भडक कार्यक्रम वेगळा दिसत नाही. ओरडणाऱ्याला त्याच्या ओरडण्याचा हिशेब मिळत नाही. तरी सवय काही गेली नाही. मुंबईत हिंदमाताला गुडघाभर पाणी साचलं की दिवसभर कॅमेरे तिथेच, आणि गडचिरोलीत पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटला की खालून एक पट्टी सरकते. पर्लकोटा दर पावसाळ्यात भामरागड तोडते, त्यामुळे पट्टीही दर वर्षी तीच.

आता आपल्याकडचा टीआरपी. मालक जे म्हणाले त्याचा अर्थ तीन गोष्टी: फोन किती येतात, यूट्यूबवर टाकलेल्या तुकड्याला किती लोक बघतात, आणि कृषी केंद्राची जाहिरात टिकते का. तिसरी खरी, पहिल्या दोन तिच्यासाठी. जून ते ऑक्टोबर आपल्या कार्यक्रमाचे प्रायोजक बियाणं, खत आणि औषधवाले. नोव्हेंबरनंतर सराफ, क्लासेस, दवाखाने, त्यांना पाऊस पडला काय आणि न पडला काय. म्हणून दबाव येतो तो पाच महिन्यांचा, आणि तो कधीही "खोटं सांगा" असा येत नाही. एका वर्षी आमचा जाहिरातीचा मुलगा स्टुडिओच्या दारात उभं राहून इतकंच म्हणाला, "ताई, 'ढगाळ वातावरणामुळे किडीचा प्रादुर्भाव वाढू शकतो' एवढं एक वाक्य टाकाल का?" वाक्य खोटं नव्हतं. पण पुढच्याच मिनिटाला कुठल्या फवाऱ्याची जाहिरात लागणार हे दोघांनाही माहीत होतं.

त्यावर मी काय केलं ते सांगते, तुमच्या कामी येईल. २०१७ च्या हंगामात आपल्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, डोक्याच्या वर वाढलेली, त्यात फवारा मारला की तो अंगावरच पडणार. तेव्हापासून मी ढगाळ हवामान सांगितलं की त्याच दमात वारा सांगते: कोणत्या दिशेचा, सकाळी किती, दुपारी किती, आणि कोणत्या वेळेला पंप पाठीवर घेऊ नये. प्रायोजकाला ते आवडलं नाही. मालक कुरकुरले. मात्र वाऱ्याबद्दल विचारणारे फोन वाढले, मग तेच मालक प्रायोजकाला सांगू लागले की या भागाला मागणी आहे.

फुगवण्याबद्दल तुम्ही विचारलंय. अंदाज बदलून कोणी फुगवत नाही, शब्द गाळून फुगवतो. हवामान खात्याच्या भाषेत 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त पाव केंद्रांवर पाऊस. 'काही ठिकाणी' म्हणजे पाव ते अर्ध्या, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे अर्ध्या ते पाऊण. 'तुरळक ठिकाणी' हे दोन शब्द गाळले की उरतो "जिल्ह्यात पाऊस", आणि पट्टीवर तेच छान बसतं.

माझ्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी जूनमध्ये मी ते गाळले. गाळायला लावले म्हटलं तर बरं वाटेल, पण तोंड माझं होतं. मृग कोरडा चालला होता, लोक आभाळाकडे बघून दमले होते, आणि मी हसत सांगितलं, "परवापासून जिल्ह्यात पाऊस." त्या रात्री फोन थांबेनात. पाऊस आलाही, नेर-दारव्ह्याच्या बाजूला. राळेगावकडे नुसता शिरवा. चार दिवसांनी एक शेतकरी ऑफिसात आले, सोबत शाळेतला मुलगा. त्यांनी खिशातून रुमाल काढून माझ्या टेबलावर सोडला. आत मातीसकट उकरून आणलेली सरकी होती. काही दाणे फुगून फुटलेले, काहींना नखाएवढा कोंब येऊन तो वाळलेला. "बाई, तुमीनच सांगतलं ना परवा पानी येते म्हून. म्या टोबलं. तुमच्या टीव्हीत आलं, आमच्या वावरात नाई आलं." आवाज चढवला नाही. चहा घेतला नाही. मुलानं रुमाल झटकला, घडी केली आणि खिशात घातला.

त्या आठवड्यात आमच्याकडे आजवरचे सगळ्यात जास्त फोन आले होते. मालकांच्या भाषेत टीआरपी छप्पर फाडून.

अमेरिकेतली जी गोष्ट लागू पडते म्हणाले ती इथे येते. तिथे टीव्हीवरच्या अंदाजांची तपासणी झाली तेव्हा दिसलं की खासगी वाहिन्या पावसाची शक्यता खऱ्यापेक्षा जास्त सांगतात. कारण साधं आहे. पाऊस सांगितला आणि आला नाही तर माणूस छत्री घेऊन कोरडा घरी येतो, खूश असतो. सांगितला नाही आणि आला तर भिजतो आणि शिव्या घालतो. म्हणून ओल्या बाजूला झुकणं त्यांच्या धंद्याला सोयीचं. आपल्याकडे ही तराजूच उलटी लटकते. जूनमध्ये नसलेला पाऊस सांगितला की दुबार पेरणी. बीटी कपाशीच्या बियाण्याचं एक पाकीट आज नऊशेच्या घरात आहे, वर मजुरी वेगळी, आणि गेलेले पंधरा दिवस कोणत्याच कृषी केंद्रात मिळत नाहीत. म्हणून जूनमध्ये मी कोरड्या बाजूला झुकते आणि रोज एक वाक्य सांगते, कंटाळा येईपर्यंत: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. ऑक्टोबरात सोयाबीन सोंगून गंजी लावलेली असते, तेव्हा मी ओल्या बाजूला झुकते. ताडपत्री टाकली आणि पाऊस आला नाही, तर ताडपत्री काढायची मेहनत तेवढी वाया गेली. झुकायचं कोणत्या बाजूला हे पीक ठरवतं. बघणाऱ्यांची संख्या ते ठरवायला लागली की जून आणि ऑक्टोबरात तुम्ही एकच अंदाज सांगायला लागता, कारण "पाऊस येणार" हे वाक्य दोन्ही महिन्यांत विकलं जातं.

उन्हाळ्यातला मोह वेगळा, तो आकड्याचा. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला यांच्यात मे महिन्यात जणू शर्यतच लागते. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले. आमच्याकडे तो आकडा व्हॉट्सॲपवर पोचायला दहा मिनिटं लागली असतील. मालकांचा फोन: "घ्या लवकर." मी म्हटलं, एकाच शहरातल्या दोन केंद्रांत दहा-बारा अंशांचा फरक दिसला की पहिला संशय यंत्रावर घ्यायचा. पुढे प्रादेशिक हवामान केंद्रानंच सांगितलं की संवेदक बिघडला होता. दुसऱ्या दिवशी एक बाई मला भाजीबाजारात म्हणाल्या, "तुमच्याकडे काहून नाई दाखवलं ५६? सगळ्याईनं दाखवलं." मी काय सांगणार. आपण न दाखवलेलं कोणाच्या लक्षात राहत नाही, राहिलं तर असं राहतं.

'ढगफुटी'चंही तेच. तासाभरात १०० मिलिमीटरच्या वर, तेही लहानशा भागात, तर ती ढगफुटी. रात्रभर मिळून १०० पडला तर ती मुसळधार. दोन्हींत नाला वाहून नेतो, पण दुसऱ्याला पहिल्याचं नाव दिलं तर खरी ढगफुटी होईल त्या दिवशी तुमच्याजवळ शब्द उरणार नाही. यलो अलर्टला "धोक्याचा इशारा" म्हणू नका, तो "लक्ष ठेवा" एवढाच आहे.

या सगळ्यात मला सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट: लोक उद्याच्या पावसापेक्षा कालच्या पावसासाठी टीव्ही लावतात. यावर अभ्यासक्रमात एक ओळ नव्हती, तुमच्याही नसेल. महसूल मंडळात, म्हणजे तालुक्यातल्या काही गावांच्या गटात, २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला तर अतिवृष्टी धरतात, मग पंचनामे, मग मदत. पीकविम्याच्या नुकसानीची खबर ७२ तासांत द्यावी लागत असे. म्हणजे काल किती पडला हा आकडा पैशाचा. मी एकदा वेळ भरून काढायला सगळ्या मंडळांचे आकडे नुसते वाचून दाखवले, सोळाही तालुके. रटाळ झालं म्हणून ओशाळून घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन: पुन्हा कधी सांगणार? आमचं मंडळ ६३ का ६६? आता तो भाग रोज असतो. त्यावर भांडणंही होतात, कारण मापक मंडळाच्या एका टोकाला आणि नाला फुटतो दुसऱ्या टोकाला. "आमच्याकडे वावर खरडून गेलं अन् तुमी ४१ म्हन्ता?" मी एवढंच सांगते की आकडा त्या यंत्रापाशी पडलेल्या पावसाचा आहे. आणि तहसीलला अर्ज द्या, फोटो काढा, पाणी वावरात असतानाच काढा.

कुठल्याही टीआरपीला न दिसणारी आणखी एक गोष्ट आहे. वादळ येतं तेव्हा वीज जाते. डीपी उडाली की गाव अंधारात, टीव्ही बंद. तुमच्या सगळ्यात महत्त्वाच्या दहा मिनिटांना बघणारा कोणीच नसतो. उद्या कोणी हे मोजलं तर आकडा येईल शून्य. म्हणून वीज-वादळाची खबर संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी राखून ठेवू नका. दुपारी बारा-एकला रडारवर ढग वाढताना दिसले की लगेच मिनिटभराची आवाजाची क्लिप करून गावोगावच्या ग्रुपांवर सोडा. व्हिडिओ नको, तो उघडत नाही. आणि रडारच्या भरवशावर किती राहायचं तेही समजून घ्या. रडार नागपूरला. पृथ्वीच्या गोलाईमुळे त्याची सगळ्यात खालची नजरसुद्धा यवतमाळवर दोनेक किलोमीटर उंचीवरून जाते, उमरखेडवर चारच्या वर. उमरखेडचा बुटका ढग त्याला दिसतच नाही. तिथे मी दोन ओळखीच्या माणसांना फोन करते. एक पानठेला चालवतो, दुसरा एसटीत वाहक. दोघांचा अंदाज कधी चुकत नाही, कारण ते अंदाज सांगत नाहीत, समोर दिसतं ते सांगतात.

खेड्यांत आणखी एक अडचण: बऱ्याच घरी केबल नाहीच, डीडी फ्री डिशची छत्री आहे. त्यावर आपलं चॅनेल येत नाही. मालक म्हणतील "पूर्ण जिल्हा बघतो", तुम्ही मनात तालुक्याची गावं आणि रस्त्यालगतची मोठी खेडी एवढंच धरा. बाकीच्यांपर्यंत तुम्ही फॉरवर्ड होऊनच पोचणार. म्हणून क्लिपमध्ये पहिल्यांदा तारीख सांगा. मागच्या वर्षीचा तुमचाच अंदाज यंदा जूनमध्ये फिरताना ऐकला की कळेल मी काय म्हणते.

स्पर्धेबद्दल मालक बोलले नसतील, तीही आहे. अक्षय तृतीयेला बुलढाण्यातल्या भेंडवळची घटमांडणी होते, दुसऱ्या दिवशी पहाटे वर्षभराचं भाकीत येतं, आणि त्या दिवशी तुमचे सात मिनिटं कोणी बघत नाही. यूट्यूबवर तारखेसकट महिनाभराचा पाऊस सांगणारे आहेत. पंचांगातलं नक्षत्राचं वाहन आहे, त्यावरून लोक पाऊस ताडतात. यंदा आर्द्रेला बेडूक आहे का कोल्हा, हे मला फोनवर विचारतात, आणि मी सांगते, पंचांग जवळच ठेवलंय. हसू नका आणि टिंगलही करू नका. वाहन सांगून झालं की "आता आपला पाच दिवसांचा बघू" म्हणा. पाच दिवसांपलीकडे तारीख सांगू नका, समोरचा महिन्याच्या तारखा वाटत असला तरी. त्यात तुमचे बघणारे कमी होतील, जूनमध्ये हमखास. माझे दोनदा झाले. एकदा ऑगस्टमध्ये पावसानं खंड दिला तेव्हा परत आले. दुसऱ्यांदा आलेच नाहीत, आणि त्या वर्षी माझा पगार वाढला नाही.

म्हणून मालकांशी बोलताना पगाराआधी एक गोष्ट ठरवून घ्या. तुम्ही लिहिलेल्या अंदाजातला शब्द पट्टीवर जाताना कोणी गाळणार नाही, आणि यूट्यूबच्या तुकड्याचं शीर्षक तुम्ही बघितल्याशिवाय जाणार नाही. बहुतेक वेळा आत "तुरळक ठिकाणी" असतं आणि वर लाल अक्षरांत "यवतमाळात हाहाकार". फोन शीर्षकाचे येतात आणि शिव्या तुम्हाला मिळतात. हे जमत असेल तर हजार-दोन हजार कमी घेतले तरी चालतील. जमत नसेल तर मी असते तर गेले नसते, पण मला घरभाडं नव्हतं तेव्हाची ही गोष्ट आहे, तुमचं तुम्ही बघा.

कोट घालू नका. मे महिन्यात लाइट गेली की इन्व्हर्टरवर दिवे चालतात, एसी चालत नाही. माझ्या आधीचे गृहस्थ टाय लावून बसायचे आणि घाम पुसता पुसता कोकणात बोट ठेवायचे. हिरव्या कापडासमोर उभं राहिलं की मागे नकाशा नसतो, समोरच्या मॉनिटरवर बघून हात फिरवावा लागतो, आणि तिथे पूर्व-पश्चिम हमखास उलटी होते. आठवडाभर घरी आरशासमोर सराव करा. बंगालच्या उपसागरातून आलेला कमी दाबाचा पट्टा आधी गोंदिया-गडचिरोलीवर येतो आणि मग आपल्याकडे. तो तुमच्या हातानं अकोल्याकडून आला तर पहिला फोन माझाच असेल.